दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला का नाही जात? (यीस्ट, प्रोटीन आणि रस्सीखेच)

उगाच_विचारतोय

मंडळी, मुलीला समसूत्री विभाजन समजावताना तोंडावर पडलो. पुस्तकात चार चित्रं आहेत, पूर्वावस्था मध्यावस्था पश्चावस्था अंत्यावस्था, तिसऱ्या चित्रात तर्कुतंतू आखडतात, गुणसूत्रं दोन टोकांना जातात, विषय संपला. मी पण शाळेत एवढंच पाठ केलं होतं आणि पैकीच्या पैकी मिळाले होते. तर ती म्हणते, बाबा दोन्ही कॉपी सारख्याच आहेत ना, मग दोन्ही एकाच बाजूला का नाही जात? मी म्हटलं नाही जात. का नाही जात? म्हटलं झोप आता, उशीर झालाय.

ती झोपली, मी जागा. रात्री एकपर्यंत शोधत बसलो तर जिकडे बघावं तिकडे यीस्ट, आणि प्रोटीनची नावं अशी की गाड्यांच्या नंबरप्लेट वाचतोय असं वाटावं. कुणी सोप्या भाषेत सांगेल का, की पेशीला ना डोळे ना मेंदू, तर एक इकडे एक तिकडे हे ठरवतं कोण? आणि सगळे यीस्टच्याच मागे का लागलेत?

पेट्रीडिश

मुलीला शाबासकी द्या आधी. या एका प्रश्नावर लोकांनी अख्खी करिअर काढलीत. मी काही वर्षं यीस्टच्या लॅबमध्ये होते, आता काम वेगळंच आहे पण हा विषय निघाला की हात शिवशिवतात, त्यामुळे लांबलचक लिहिणार, आधीच सांगून ठेवते.

यीस्ट का ते पटकन सांगते. मुकुलनाने, म्हणजे अंगावर कळी फुटून वाढणारं यीस्ट, ब्रेड आणि बिअरवालं, त्याला १६ गुणसूत्रं, जीन्स सहा हजारांच्या आसपास, पूर्ण जीनोम १९९६ लाच वाचून झालेला, आणि चांगलं खायला घातलं की दीड तासात एकाची दोन. शिवाय ते गुणसूत्रांच्या एकाच संचावर मजेत जगतं, म्हणजे एखादं जीन बिघडवलं की झाकायला दुसरी प्रत नसते, बिघाड लगेच उघडा पडतो. आणि जी जीन्स नसली तर पेशी मरतेच, त्यांचे असे म्युटंट मिळतात की २५ अंशाला ठणठणीत आणि ३७ अंशाला ठप्प. इन्क्युबेटर बदलला की प्रोटीन बंद. लेलँड हार्टवेलनी याच युक्तीने पेशीचक्राची जीन्स शोधली, २००१ चं नोबेल त्यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्याबरोबर मिळालं. नर्स यांचं यीस्ट वेगळं, मधोमध दुभंगणारं, त्याला गुणसूत्रं फक्त तीन.

आता मुख्य प्रश्न. पुस्तकात सगळा भर खेचण्यावर असतो, आणि खरं घोडं तिथेच पेंड खातं. कारण वेगळं करायचं असेल तर आधी घट्ट बांधून ठेवावं लागतं. गुणसूत्राची कॉपी होते तेव्हाच दोन्ही कॉपी एकमेकींना बांधल्या जातात. बांधणाऱ्या प्रोटीनचं नाव कोहेसिन. एसएमसी१ आणि एसएमसी३ हे दोन लांब हात, त्यांची टोकं जोडणारं एससीसी१, वर एससीसी३ चिकटलेलं, मिळून एक कडं होतं आणि त्या कड्यात दोन्ही कॉपींचा डीएनए अडकून राहतो. १९९७ मध्ये किम नॅस्मिथ आणि डग कोशलँड यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून ही बांधणारी प्रोटीनं यीस्टमध्ये शोधली, कड्याचं चित्र त्यानंतर स्पष्ट झालं.

या बांधलेल्या दोघी नसतील तर डावं-उजवं काही ठरतच नाही. का ते पुढच्या पोस्टमध्ये, जरा चहा घेऊन येते.

मेकॅनिकल_माणूस

जागा धरून ठेवतो. दोरी, कडं, ताण, हे शब्द आले की आमच्यासारख्यांना पण बरं वाटतं.

पेट्रीडिश

आले. तर प्रत्येक गुणसूत्रावर एक जागा असते सेंट्रोमिअर, मराठी पुस्तकात गुणसूत्रबिंदू. मुकुलनवाल्या यीस्टमध्ये ही जागा डीएनएच्या फक्त १२५ अक्षरांची आहे, फक्त १२५! लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी १९८० मध्ये तिसऱ्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर वेगळा काढला. तो तुकडा साध्या प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या सुट्या गोल कड्यात, घातला की ते प्लास्मिड छोट्या गुणसूत्रासारखं नीट वाटलं जायला लागतं. माणसाचा सेंट्रोमिअर लाखो अक्षरांचा असतो, म्हणून असला खेळ तिथे इतका सोपा नाही.

या १२५ अक्षरांवर एक खास न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळायचं प्रोटीनचं रीळ) बसतो, त्यात रिळातल्या नेहमीच्या एका प्रोटीनऐवजी, म्हणजे हिस्टोनऐवजी, सीएसई४ नावाचं प्रोटीन. त्यावर पुढची प्रोटीनं थराथराने चढत जातात आणि शेवटी जे यंत्र तयार होतं ते कायनेटोकोर. त्याचं बाहेरचं टोक मायक्रोट्यूब्यूल पकडतं, म्हणजे तुमचे तर्कुतंतू. पकडणारा मुख्य हात एनडीसी८० कॉम्प्लेक्स, चार प्रोटीनांचा लांबुळका दांडा. आणि गंमत म्हणजे या यीस्टमध्ये एका कायनेटोकोरला एकच मायक्रोट्यूब्यूल. माणसात वीसेक असतात, एखादी सुटली तर बाकीच्या आहेत. इथे हातची एकही नाही.

सुरुवातीला सगळी आंधळी कोशिंबीर असते. दोन्ही ध्रुवांकडून, म्हणजे तर्कूच्या दोन टोकांकडून, मायक्रोट्यूब्यूल वाढतात, आखडतात, परत वाढतात, ज्याला जे सापडेल ते धरतं. दोघी जुळ्या एकाच ध्रुवाला धरल्या जाणं हे तर अगदी नेहमीचं. म्हणजे तुमच्या मुलीला जी भीती वाटली ते खरंच होतं! रोज होतं, प्रत्येक पेशीत होतं. फक्त ते टिकत नाही.

कारण इप्ल१ नावाचं एक प्रोटीन आहे, कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनांना फॉस्फेट चिकटवणारं. माणसातल्या त्याच्या भावंडाला ऑरोरा बी म्हणतात. ते एनडीसी८० ला आणि डॅम१ ला (याच्याबद्दल मेकॅनिकलराव विचारतीलच) फॉस्फेट लावतं आणि पकड सैल करतं. धरलं, सोडवलं, परत धरलं, परत सोडवलं. हे कुठवर, तर एकदा चुकतमाकत एकीला इकडची दोरी आणि दुसरीला तिकडची मिळेपर्यंत. तसं झालं की दोन्ही बाजूंनी ओढ लागते पण कोहेसिन सोडत नाही, मधे ताण येतो, आणि ताण आलेली पकड इप्ल१ ला सोडवता येत नाही.

त्यामुळे डावी कुठली उजवी कुठली हे कुणाला ठाऊक असायची गरजच नाही. ढिली दिसली की सोड, ताणली की राहू दे, नियम एवढाच. दोघी एकाच बाजूला असतील तर ताण येईल कुठून?

उगाच_विचारतोय

अहो हे भारी आहे! म्हणजे रस्सीखेचेत दोन्ही संघ एकाच बाजूला उभे राहिले तर दोरी ताणलीच जाणार नाही, तसं. हे तिला सकाळी नक्की कळेल.

शंकासुर

रंगात भंग करतो, माफी असावी. "ताण आला की इप्ल१ ला सोडवता येत नाही" हे तुम्ही किती सहज म्हणालात. का येत नाही? प्रोटीनला ताण कळतो म्हणजे नेमकं काय कळतं? आणि ताणामुळे पकड टिकते हा आधीपासून पुरावा आहे की कथेत बसतं म्हणून मानलेलं आहे?

पेट्रीडिश

शंकासुर नाव सार्थ करताय :)

पुरावा जुना आहे, आणि यीस्टच्याही आधीचा. १९६९ मध्ये ब्रूस निकलास यांनी नाकतोड्याच्या शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशींवर काम केलं. जिवंत पेशीत बारीक काचेची सुई घालून गुणसूत्रांची जोडी मुद्दाम एकाच ध्रुवाकडे वळवली. एरवी अशी चुकीची पकड थोड्या वेळात सुटते. पण सुईने हलकंच ओढून धरलं, म्हणजे खोटा ताण दिला, तर तीच चुकीची पकड टिकून राहिली. मला विचाराल तर जीवशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी एक. हाताने केलेला, सुईने.

यीस्टमध्ये २०१० ला सू बिगिन्स आणि चिप अ‍ॅस्बरी यांच्या गटांनी कायनेटोकोर पेशीबाहेर काढून शुद्ध केले, मण्यांवर लावले, लेझरच्या चिमट्याने ओढले, तर थोडं ओढल्यावर पकड आणखी जास्त वेळ टिकली. तिथे इप्ल१ चा संबंध नव्हता. म्हणजे ओढलं की घट्ट होणं हा काही अंशी त्या यंत्राचाच गुण आहे.

दुसरी कथा अशी की इप्ल१ आत, सेंट्रोमिअरपाशी बसतं आणि ताण आला की बाहेरचे हात त्याच्यापासून लांब जातात, हात पोचत नाही म्हणून फॉस्फेट लागत नाही.

शंकासुर

दुसरी कथा मला माहीत होती आणि तिलाच माझी हरकत आहे. २०१३ मध्ये कॅम्पबेल आणि देसाई यांनी यीस्टमध्येच दाखवलंय की इप्ल१ चा जोडीदार एसएलआय१५, त्याचा पुढचा भाग कापून टाकला तर इप्ल१ सेंट्रोमिअरवर नीट बसत नाही, पण पेशी आपल्या ठीकठाक वाढतात, गुणसूत्रं नीट वाटली जातात. मग आत बसतं म्हणून लांब पडतं ही गोष्ट कुठे राहिली?

पेट्रीडिश

बरोबर आहे, ती गोष्ट पाठ्यपुस्तकात असते तेवढी साधी नाही. त्यानंतर लोकांनी असंही दाखवलंय की इप्ल१ ला कायनेटोकोरच्या आसपास बसायला एकापेक्षा जास्त जागा आहेत, त्यामुळे एक काढली तरी काम भागतं. माझं मत विचाराल तर दोन्ही चालू असावं, यंत्र स्वतः पण घट्ट होतं आणि इप्ल१ ची पोच पण कमी होते. पण हे मत आहे, यावर पैज लावणार नाही.

ताण हवाच हे मात्र पक्कं. २००४ मध्ये तोमोयुकी तानाका यांच्या गटाने एक छोटं गोल गुणसूत्र बनवलं, त्यावर दोन सेंट्रोमिअर, आणि त्याची कॉपी होणार नाही अशी सोय केली. म्हणजे जुळी बहीणच नाही. तरी त्याचे दोन सेंट्रोमिअर दोन वेगळ्या ध्रुवांना जोडले गेले! मधे नुसता डीएनएचा पट्टा होता, तोच ताणला गेला, काम झालं.

मेकॅनिकल_माणूस

आता माझा नंबर. ओढतं कोण? दोरी नुसती धरून ताण येत नाही, कुठेतरी मोटर पाहिजे, गिअर पाहिजे, निदान कप्पी तरी. पुस्तकात "आखडतात" लिहिलंय, पण दोरी आखडते म्हणजे काय रबर आहे का ती?

पेट्रीडिश

रबर नाही, आखडतही नाही. उसवते!

मायक्रोट्यूब्यूल म्हणजे पोकळ नळी, साधारण २५ नॅनोमीटर जाड, बहुतेक वेळा १३ उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी लागून झालेली. ट्यूब्युलिनच्या विटा टोकाला लागत असतात तेव्हा त्यांच्यात जीटीपी (ऊर्जा भरलेला छोटा रेणू) असतो, नळीत बसल्यावर तो जीडीपी होतो, म्हणजे एक फॉस्फेट गळतो. जीडीपीवाल्या विटेला वाकडं व्हायचं असतं पण शेजारणींनी दाबून सरळ धरलेलं असतं. टोक सुटलं की सगळ्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळतात, केळं सोलल्यासारख्या. आता कल्पना करा की नळीवर एक कडं घातलंय आणि टोकाकडून साली वळत येतायत, कडं मागे ढकललं जाणारच.

ते कडं म्हणजे डॅम१ कॉम्प्लेक्स. दहा वेगवेगळी प्रोटीनं मिळून एक तुकडा, आणि असे पंधरा-सोळा-सतरा तुकडे जुळून नळीभोवती गोल होतात. २००५ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे गोल दिसले तेव्हा लोक वेडे झाले होते, कारण इतकी सरळसोट इंजिनिअरिंगची वस्तू पेशीत सहसा दिसत नाही. एनडीसी८० डॅम१ ला धरून असतो, डॅम१ चं कडं उसवणाऱ्या टोकाबरोबर मागे येतं, मागे गुणसूत्र. इंधन वेगळं भरावं लागत नाही, विटा रचतानाच ऊर्जा भरून ठेवलेली असते. आपल्या पेशींत डॅम१ नाही, तिथे स्का नावाचं दुसरं कॉम्प्लेक्स साधारण तेच काम करतं.

मोटर पण आहेत हं. सिन८ आणि किप१ या कायनेसिन, त्या दोन ध्रुवांना एकमेकांपासून लांब ढकलतात. दोन मायक्रोमीटरचा तर्कू ताणून आठ-दहा मायक्रोमीटरचा होतो तो मुख्यतः या ढकलण्यामुळे. पेशीच पाचेक मायक्रोमीटरची, तेव्हा हा तर्कू कळीच्या अरुंद मानेतून पलीकडे घुसतो. केंद्रकाचं पटलही यीस्टमध्ये मोडत नाही, अख्खं केंद्रकच लांबत जाऊन डंबेलसारखं होतं. पुस्तकातलं "केंद्रकपटल नाहीसे होते" इथे लागू नाही.

मेकॅनिकल_माणूस

उसवणाऱ्या दोरीवर कडं बसवून माल ओढायचा. हे डिझाइन कुणी माझ्याकडे आणलं असतं तर मी हाकलून दिलं असतं. एकच शंका, माल ओढायचा तर मधलं कोहेसिन कधीतरी सोडावं लागेल ना? सोळाच्या सोळा जोड्या ताणून तयार असताना एकदम?

पेट्रीडिश

हो, आणि तो भाग माझा सगळ्यात आवडता. सोडत नाहीत, कापतात. सेपरेज नावाची कात्री आहे, यीस्टमध्ये नाव ईएसपी१. ती एससीसी१ ला दोन ठिकाणी कापते, कडं उघडतं, दोघी सुटतात. एरवी ही कात्री म्यानात असते, म्यानाचं नाव सेक्युरिन, यीस्टमध्ये पीडीएस१. वेळ झाली की एपीसी नावाचं मोठं यंत्र सीडीसी२० च्या मदतीने सेक्युरिनवर "नष्ट करा" असा शिक्का मारतं, म्यान गळून पडतं, कात्री मोकळी.

शंकासुर विचारायच्या आत पुरावा देते. २००० साली नॅस्मिथ यांच्या लॅबमध्ये फ्रँक उलमन यांनी एससीसी१ मधली कापायची जागा बदलून तिथे तंबाखूच्या एका विषाणूच्या कात्रीची जागा बसवली, आणि त्या कात्रीचं जीन गॅलक्टोजवर चालू होईल असं ठेवलं. पेशी मध्यावस्थेत अडकवून ठेवल्या, एपीसी बंद, सेपरेज बंद. मग गॅलक्टोज दिलं. परक्या विषाणूच्या कात्रीने कडी कापली आणि जुळ्या सुटून दोन टोकांना निघाल्या. म्हणजे त्या क्षणी अडून फक्त ती कडी असते, बाकी सगळं आधीच ताणून तयार असतं.

निवांत_वाचक

मी गेला तासभर नुसता वाचतोय. कुणीतरी हे प्रत्यक्षात दिसतं कसं ते सांगा ना, मायक्रोस्कोपखाली दोऱ्या दिसतात का?

पेट्रीडिश

साध्या मायक्रोस्कोपखाली यीस्टची गुणसूत्रं दिसतच नाहीत, फार छोटी. म्हणून १९९६ च्या सुमारास एक युक्ती निघाली, गुणसूत्रावर एका जागी जिवाणूमधली लॅक ऑपरेटरची अक्षरं शेकडो वेळा ओळीने घालायची आणि त्याला चिकटणाऱ्या प्रोटीनला जीएफपी नावाचं हिरवं चमकणारं प्रोटीन जोडायचं. मग अंधारात हिरवा ठिपका दिसतो. सेंट्रोमिअरजवळचा ठिपका बघत बसलं की आधी एक असतो, मग दोन होतात, परत एक होतो, परत दोन, श्वास घेतल्यासारखं. हे सगळं कडी कापायच्या आधी! गुणसूत्राचा बाकीचा भाग अजून बांधलेलाच असतो पण सेंट्रोमिअरपाशी ओढ इतकी की मधला डीएनए ताणून दोघी दिसण्याइतक्या फाकतात. ताण ताण म्हणतो तो हाच, डोळ्यांनी दिसतो. आणि मग अचानक दोन ठिपके सुटतात ते परत येतच नाहीत.

पण मला त्याहून प्लेटवरचा प्रकार आवडतो कारण त्याला मायक्रोस्कोप पण लागत नाही. एडीई२ जीन बिघडलेलं यीस्ट लाल होतं, अ‍ॅडेनिन बनवायच्या वाटेत मधेच एक पदार्थ साचतो त्याचा तो रंग. फिल हायटर वगैरे मंडळींनी १९८५ मध्ये काय केलं, अशा यीस्टमध्ये एक जादाचं छोटं गुणसूत्र ठेवलं, त्यावर लाल रंग दाबणारं जीन. दोन संचवाल्या पेशीत ते गुणसूत्र नसेल तर वसाहत लाल, एक असेल तर गुलाबी, दोन असतील तर पांढरी. आता एका पेशीपासून वसाहत वाढते, तेव्हा पहिल्याच विभाजनात गडबड झाली तर वसाहत अर्धी-अर्धी दिसते. अर्धी गुलाबी अर्धी लाल, म्हणजे एक कॉपी हरवली. अर्धी पांढरी अर्धी लाल, म्हणजे दोन्ही कॉपी एकाच बाजूला गेल्या.

उगाच_विचारतोय, तुमच्या मुलीचा प्रश्न आहे ना, तो असा दिसतो. अर्धी पांढरी, अर्धी लाल, मधे सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. चांगल्या यीस्टमध्ये हे फार दुर्मीळ, खरं गुणसूत्र हरवायचं प्रमाण लाख विभाजनांत एखाद्या वेळचं. म्युटंटमध्ये मात्र प्लेट उघडली की कलिंगडाच्या फोडी.

उगाच_विचारतोय

लाल पांढऱ्याचं चित्र काढून दिलं तिला. फ्रिजवर लागलंय.

पेट्रीडिश

फ्रिजवरून आठवलं, माझी फजिती पण सांगून टाकते. एका म्युटंटवर आशा लावून बसले होते की याच्यात गुणसूत्रं भरपूर हरवणार. शंभरेक प्लेट ओतल्या, पेरल्या, तीन दिवस वाढवल्या, मग रंग चढायला फ्रिजमध्ये ठेवल्या. एकही लाल फोड नाही. म्युटंटच काय, कंट्रोलमध्ये (तुलनेसाठी ठेवलेल्या चांगल्या यीस्टमध्ये) पण नाही, पण कंट्रोलकडे बघतं कोण, मी खुशीत, की हे जीन बिघडल्यावर गुणसूत्रं उलट जास्तच टिकतात, काय शोध! मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. मागे बसलेल्या एका ज्युनिअर मुलाने हळूच विचारलं, ताई अ‍ॅडेनिन किती घातलं होतं? दहापट घातलं होतं. अ‍ॅडेनिन भरपूर मिळालं की पेशी ती वाटच बंद करते, लाल पदार्थ बनतच नाही. शंभर प्लेट कचऱ्यात. त्यानंतर आधी कंट्रोल बघते, मग बाकीचं.

रात्रपाळी

डॉक्टर आहे, यीस्टशी संबंध नाही, पण कोहेसिनचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. स्त्रीच्या अंडपेशी ती जन्मायच्या आधीच तयार होऊन विभाजनाच्या अर्ध्यावर थांबलेल्या असतात. गुणसूत्रांना बांधणारं कोहेसिन तेव्हाच बसवलं जातं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की नंतर ते जवळजवळ नव्याने भरलं जात नाही. म्हणजे चाळिशीतल्या अंडपेशीत चाळीस वर्षं जुनी कडी. ती झिजली की जोड्या वेळेआधी सुटतात, वाटणी चुकते. वयाबरोबर डाउन सिंड्रोमचं, म्हणजे २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रतींचं प्रमाण वाढतं त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं. पेशंटला समजावताना मी आता कड्यांचं उदाहरण देणार.

कंटाळा_क्लब

म्हणजे यीस्टवरून कॅन्सरचं औषध पण निघेल मग. यीस्ट झिंदाबाद.

रात्रपाळी

एवढी उडी नको हो. टॅक्सॉल मायक्रोट्यूब्यूलला धरून बसतं, वापरात आहे, पण ते यीस्टमुळे सापडलेलं नाही. ऑरोरा रोखणारी औषधं बरीच वर्षं तपासली जातायत, पण वाढणारी प्रत्येक पेशी हेच यंत्र वापरते त्यामुळे दुष्परिणामही तसेच.

शंकासुर

माझा शेवटचा मुद्दा, मग झोपतो. कात्री मोकळी कधी करायची हे कोण ठरवतं? सोळापैकी पंधरा जोड्या तयार आणि एक अजून आंधळी कोशिंबीर खेळतेय, तेव्हा एपीसीने शिक्का मारला तर बोंब.

पेट्रीडिश

त्यासाठी मॅड आणि बब. १९९१ मध्ये अँडी मरे आणि अँडी हॉइट यांच्या गटांनी, दोघेही अँडी, बेनोमिल नावाच्या बुरशीनाशकावर यीस्ट वाढवून ही जीन्स शोधली. बेनोमिल मायक्रोट्यूब्यूल मोडतं. शहाणं यीस्ट अशा वेळी थांबतं, दोऱ्या सुधारायची वाट बघतं. जे म्युटंट थांबत नाहीत ते अर्धवट वाटणी करून मरतात. त्यांना एकाने मॅड म्हटलं, एकाने बब. (बेनोमिलच्या प्लेट ओतताना मीडिया गरम असतानाच हळूहळू घालायचं असतं, गार झाल्यावर घातलं की पांढरे कण बसतात आणि प्लेट वाया. हेही अनुभवाने.)

काम असं चालतं. ज्या कायनेटोकोरला दोरीच लागलेली नाही, तिथे एमपीएस१ नावाचं कायनेज खुणा करतं, त्या खुणांवर बब३ आणि बब१ बसतात, मग मॅड१ आणि मॅड२. तिथून मॅड२ आपला आकार बदलून बाहेर पडतं, मॅड३ आणि बब३ ला घेऊन सीडीसी२० ला मिठी मारतं. सीडीसी२० अडकलं की एपीसी गप्प. एक रिकामा कायनेटोकोर सुद्धा अख्ख्या पेशीला थांबवायला पुरतो. आणि गंमत, औषध नसेल तर यीस्ट मॅड२ शिवाय पण जगतं, कारण बहुतेक वेळा वेळेत सगळं जुळतंच. उंदराचा गर्भ मॅड२ शिवाय जगत नाही.

शंकासुर

मग सापडली चूक! तुमच्याच हिशोबाने इप्ल१ बिघडलं की चुकीची पकड सुटणार नाही, म्हणजे दोघी एकाच बाजूला जाणार. तेव्हा ताण नाही, वाटणी चुकलेली, मग मॅड-बब मंडळी काय करत होती? का नाही थांबवलं?

पेट्रीडिश

वा. उत्तर माहीत आहे पण देत नाही. उगाच_विचारतोय, तुम्ही आणि कन्या प्रयत्न करा. एवढंच सांगते, मॅड२ कुठल्या कायनेटोकोरवर बसतं ते परत वाचा.

उगाच_विचारतोय

सकाळी बसलो दोघं, फ्रिजवरच्या चित्रासमोर. आधी मी म्हटलं इप्ल१ बिघडलं म्हणून मॅड पण बिघडलं असेल, ती म्हणाली असं कसं, ते वेगळं प्रोटीन आहे. मग तिने दोन लोकरीचे धागे घेतले, दोन्ही एकाच खुर्चीला बांधले आणि म्हणाली, बघ बाबा, दोघींच्या हातात दोरी आहे. रिकामी कोण आहे? कुणीच नाही!

म्हणजे आमचं उत्तर असं, मॅडला ताण दिसत नाही, रिकामा हात दिसतो. इप्ल१ असेल तर ते ढिली दोरी सोडवतं, हात रिकामा होतो, मॅड ओरडतं, पेशी थांबते. इप्ल१ नसेल तर चुकीची दोरी कुणी सोडवतच नाही, हात भरलेलेच, मॅडच्या दृष्टीने सगळं आलबेल. बरोबर आहे का?

पेट्रीडिश

बरोब्बर! धागे बांधून दाखवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

पडताळा पण आहे. इप्ल१ बिघडलेल्या यीस्टला नोकोडॅझोल दिलं, म्हणजे सगळ्या दोऱ्याच मोडल्या, तर ते यीस्ट व्यवस्थित थांबतं. म्हणजे मॅड-बब ठणठणीत आहेत, हात रिकामे दिसले की ओरडतात. पण दोऱ्या शाबूत आणि ताण नाही अशी वेळ आणली, उदाहरणार्थ गुणसूत्राची कॉपीच होऊ दिली नाही, बहीणच नाही तर ताण कुठून येणार, तेव्हा साधं यीस्ट अडखळतं आणि इप्ल१ बिघडलेलं तसंच पुढे जातं. बिगिन्स आणि मरे यांचं २००१ चं काम. आणि इप्ल१ शिवाय ज्या दोघी एकाच बाजूला जातात त्या बहुतेक वेळा कळीतच जातात, कारण सुरुवातीला दोऱ्या जुन्या ध्रुवाच्या असतात आणि जुना ध्रुव सहसा कळीत जातो.

शंकासुर

मान्य. नोकोडॅझोलचं डोक्यात आलं नव्हतं. लोकरीचे धागे तर नाहीच नाही.